लहान भट्टी : एका विशेषणाचा इतिहास

'अणुभट्टी' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातल्या 'भट्टी'कडे आपले लक्षच जात नाही. भट्टी म्हटली की लोहाराची, चुन्याची, विटांची, परटाची आणि अर्थातच दारूची. या सगळ्या भट्ट्यांत जाळ असतो, धूर असतो आणि आच सांभाळत बसलेला कोणीतरी माणूस असतो. अणुभट्टीत जाळ नाही आणि धूरही नाही. युरेनियमचा अणुगर्भ दुभंगतो, उष्णता बाहेर पडते, तिने पाण्याची वाफ होते आणि तिथून पुढे सगळे कोळशाच्या वीजकेंद्रासारखेच चालते. तरीही शब्द खोटा वाटत नाही, कारण तिसरी गोष्ट, आच सांभाळणारा माणूस, तिथेही आहेच. पदार्थाची किंवा नाटकाच्या प्रयोगाची 'भट्टी जमली' असे आपण म्हणतो तेव्हा आच, माप आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसला असे आपल्याला म्हणायचे असते. प्रस्तुत लेख यांतल्या मापाविषयी आहे.

निमित्त ताजे आहे. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'अणुऊर्जा मोहीम' जाहीर झाली. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या निदान पाच लहान भट्ट्या आणि २०४७ पर्यंत एकूण १०० गिगावॅट अणुवीज, असे तिचे आकडे आहेत. त्याच वर्षी अणुऊर्जा विभागाने सांगितले की २०० आणि ५५ मेगावॅटच्या नव्या भट्ट्यांचे पहिले नमुने तारापूरला उभारण्याचा प्रस्ताव आहे. वर्तमानपत्रांतून या भट्ट्यांचे स्वागत 'नवे तंत्रज्ञान' म्हणून झाले. भाषा शिकवणाऱ्या माणसाला विशेषणांचा संशय घेण्याची खोड असते. एखादे विशेषण फार प्रेमाने वापरले जाऊ लागले की नामाविषयी काहीतरी बोलायचे टाळले जात आहे का, हे पाहावेसे वाटते. 'लहान' हे तसे विशेषण आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्याख्येप्रमाणे ३०० मेगावॅटपर्यंत वीज देणारी भट्टी लहान. ही व्याख्या मागे नेऊन लावली, तर भारतात २००५ पर्यंत जेवढी अणुवीज तयार झाली ती सगळीच्या सगळी लहान भट्ट्यांतून आली असे म्हणावे लागते. म्हणजे ज्याला आपण भविष्य म्हणत आहोत, त्यात आपण पस्तीस-छत्तीस वर्षे राहून आलो आहोत. त्या वास्तव्याचा हिशेब मात्र कोणी मांडताना दिसत नाही.

आरंभी अर्थातच सगळ्याच भट्ट्या लहान होत्या. मॉस्कोजवळच्या ओब्निन्स्कला जून १९५४ मध्ये जगातली पहिली अणुवीज तारांतून वाहिली, ती ५ मेगावॅटच्या भट्टीतून. तुर्भ्याची आपली 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी जागी झाली. ती वीज देण्यासाठी नव्हतीच. तिची उष्णतेची शक्ती अवघी १ मेगावॅट होती आणि इंधन ब्रिटनचे होते. (आपल्या भट्ट्यांची नावे हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. अप्सरा, पूर्णिमा, ध्रुव, कामिनी! विजेसाठी बांधलेल्या भट्ट्यांना मात्र गावाचे नाव आणि क्रमांक एवढेच मिळाले. कामाला लागलेल्या माणसाचे लाडाचे नाव मागे पडते, तसे काहीसे.) डिसेंबर १९५७ मध्ये अमेरिकेतल्या शिपिंगपोर्टला सुरू झालेले वीजकेंद्र ६० मेगावॅटचे होते आणि त्याची भट्टी मुळात विमानवाहू जहाजासाठी आखलेली होती.

जहाजाचा हा उल्लेख सहज आलेला नाही. 'लहान' या शब्दाचा अणुभट्टीच्या संदर्भातला पहिला खरा अर्थ पाणबुडीने ठरवला. पाणबुडीच्या पोटात जागा मोजकी. म्हणून भट्टी लहान, आटोपशीर आणि साध्या पाण्याने थंड होणारी. 'नॉटिलस' ही अमेरिकी पाणबुडी जानेवारी १९५५ मध्ये अणुशक्तीवर निघाली आणि या प्रकारच्या भट्टीचे भवितव्य ठरून गेले. तिच्यामागचा माणूस हायमन रिकोव्हर. त्याने १९५३ मध्येच एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवले होते : कागदावरची भट्टी नेहमी साधी, लहान, स्वस्त आणि लवकर होणारी असते, प्रत्यक्ष बांधली जाणारी भट्टी मोठी, महाग, गुंतागुंतीची आणि रखडलेली असते. लहान भट्ट्यांच्या इतिहासात हे निरीक्षण पुनःपुन्हा आठवावे लागते. ते करणारा माणूस लहान भट्टी प्रत्यक्ष बांधून दाखवणारा होता, हेही विसरता येत नाही.

नौदलाला जमले ते आपल्यालाही जमेल असे अमेरिकी भूदलाला वाटले. दुर्गम ठाण्यांवर डिझेल वाहून नेण्यापेक्षा एक छोटी भट्टी नेऊन ठेवावी, ही कल्पना ऐकायला आजही मोहक वाटते. ग्रीनलंडच्या बर्फाखालच्या कॅम्प सेंच्युरी या तळावर १९६० मध्ये अशी एक भट्टी बसवली. ती तीन वर्षेही धड चालली नाही. अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो ठाण्यावरची भट्टी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे टिकली. पण ती काढल्यावर खालची दूषित माती आणि खडक खणून जहाजाने अमेरिकेला न्यावे लागले. आयडाहोतल्या प्रायोगिक भट्टीत ३ जानेवारी १९६१ च्या रात्री एक नियंत्रक दांडा हाताने प्रमाणाबाहेर वर ओढला गेला आणि तिघे जण ठार झाले. ती भट्टी आजच्या कोणत्याही मोजमापाने इवलीशी होती. भूदलाने १९७० च्या दशकात हा सगळा खटाटोप आवरता घेतला. नौदलाच्या भट्ट्या चालत राहिल्या, कारण पाणबुडीला दुसरा पर्याय नव्हता आणि तिथे विजेचा दर कोणी विचारत नव्हते.

दर विचारणाऱ्यांची गोष्ट निराळी झाली. अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने १९५५ मध्ये ग्रामीण वीज सहकारी संस्था आणि लहान नगरपालिका यांच्यासाठी लहान भट्ट्यांची योजना काढली. सहकाराच्या मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकाला यात रस वाटावा. मिनेसोटा राज्यातल्या एल्क रिव्हर गावी एका ग्रामीण सहकारी संस्थेसाठी २२ मेगावॅटची भट्टी बांधली गेली. ती १९६४ मध्ये वीज देऊ लागली, १९६८ मध्ये नळांना तडे गेल्यामुळे बंद पडली आणि दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून पुढे मोडून काढण्यात आली. ओहायोतल्या पिक्वा या लहान शहराची भट्टी १९६३ ते १९६६ एवढीच चालली.

का परवडेना, याचे उत्तर कोणत्याही आचाऱ्याला ठाऊक असते. पन्नास माणसांचा भात एका पातेल्यात शिजवायला जेवढा वेळ, जेवढी माणसे आणि जेवढे सरपण लागते, त्याच्या दसपट पाचशे माणसांना लागत नाही. भट्टी दुप्पट मोठी केली म्हणून भिंत दुप्पट जाड होत नाही, नियंत्रण कक्ष दोन लागत नाहीत, पहारा दुप्पट करावा लागत नाही. म्हणून १९६० च्या दशकात जगभर भट्ट्या वाढत गेल्या. २००, ५००, मग १,००० मेगावॅट. लहान भट्ट्या कोणी बंदी घालून संपवल्या नाहीत, त्या त्यांच्याच मोठ्या भावंडांपुढे हरल्या.

आता तारापूर. पश्चिम भारतापासून कोळशाच्या खाणी शेकडो मैल दूर. कोळसा वाहून आणण्याचा खर्च फार. म्हणून इथे अणुवीज परवडेल, असा डॉ. होमी भाभांचा युक्तिवाद होता. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला, १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले. करार 'टर्न-की' पद्धतीचा, म्हणजे कंपनीने सगळे उभारून, चालू करून हातात द्यायचे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन भट्ट्या रीतसर वीज देऊ लागल्या. भाभांना ते पाहायला मिळाले नाही. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लांवर त्यांचे विमान कोसळले होते.

हे माप २१० च का? कंपनीकडे त्या वेळी याहून मोठ्या भट्ट्या होत्या. कारण आपल्या तारांत होते. वीजजाळ्यातला एखादा संच अचानक बंद पडला तर उरलेल्या जाळ्याला तो धक्का सोसला पाहिजे. म्हणून एकटा संच जाळ्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून मोठा असू नये, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. महाराष्ट्र-गुजरातचे तेव्हाचे जाळे मोठ्या भट्टीचा धक्का पेलणारे नव्हते. म्हणजे 'लहान' या शब्दाचा दुसरा अर्थ इथे तयार झाला. पाणबुडीला जागा कमी होती म्हणून भट्टी लहान. आपले जाळे अशक्त होते म्हणून भट्टी लहान. लहानपण हे गुण म्हणून नव्हे, तर पथ्य म्हणून स्वीकारलेले होते.

तारापूरची पहिली वीसेक वर्षे वाचताना मला त्या दोन भट्ट्यांविषयी एक प्रकारची माया वाटते. वाफेची दुय्यम यंत्रणा गळू लागली, ती १९८० च्या दशकाच्या मध्यास बाजूला काढावी लागली आणि २१० मेगावॅटच्या भट्ट्या १६० च्या झाल्या. मुळातच लहान असलेल्या भट्ट्या आणखी लहान झाल्या. पण त्यांना जास्त छळले ते इंधनाने. या प्रकारच्या भट्टीला समृद्ध युरेनियम लागते आणि ते अमेरिकेने पुरवायचे होते. मे १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला आणि तारापूरचे इंधन वॉशिंग्टनमधल्या वादाचा विषय होऊन बसले. १९८२ मध्ये फ्रान्स पुरवायला तयार झाला, १९९५ मध्ये चीनने दिले, २००१ मध्ये रशियाने. बोईसर स्थानकावरून दिसणाऱ्या तारांतली वीज कोणत्या देशाच्या मेहेरबानीवर चालली आहे, हे दर काही वर्षांनी बदलत होते.

याउलट राजस्थानातल्या रावतभाट्याला जी कॅनडाच्या पद्धतीची भट्टी आली, तिला नैसर्गिक युरेनियम चालत होते. जड पाणी लागायचे, पण इंधन समृद्ध करण्याची गरज नव्हती. शिवाय तिला एकसंध ओतीव असे अवाढव्य पोलादी भांडे लागत नाही. ३०६ नळ्यांच्या जुडग्यात इंधन बसवलेले असते. नळ्या आपल्या कारखान्यांत करता येतात. १९७४ नंतर कॅनडा निघून गेला आणि अर्धवट राहिलेली दुसरी भट्टी आपल्या लोकांनी १९८१ मध्ये पुरी केली. मग कल्पक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा आणि पुन्हा रावतभाटा. १९८४ पासून २०११ पर्यंत २२० मेगावॅटच्या मापाच्या चौदा भट्ट्या उभ्या राहिल्या. नकाशा प्रत्येक वेळी थोडा सुधारत गेला, पण घराणे एकच राहिले.

या चौदांना कोणी सुबक यशोगाथा म्हणू नये. वेळापत्रके वर्षानुवर्षे घसरली. मे १९९४ मध्ये कैग्याच्या बांधकाम चालू असलेल्या घुमटाच्या आतल्या बाजूचे काँक्रीट कोसळले. आणि नरोऱ्याला ३१ मार्च १९९३ च्या पहाटे जे घडले, ते तर लहान भट्टीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्या दोघांनीही मुळातून वाचावे असे आहे.

टर्बाइनची पाती तुटली, यंत्र हादरले, हायड्रोजन आणि तेल यांनी पेट घेतला. मुख्य आणि राखीव वीजपुरवठ्याच्या केबली एकाच मार्गाने टाकलेल्या होत्या आणि मध्ये आगीला अडसर नव्हता. सगळ्याच जळाल्या. केंद्र अंधारात गेले आणि सुमारे सतरा तास अंधारात राहिले. भट्टी बंद करता आली. पण बंद केली म्हणजे थंड झाली असे अणुभट्टीत नसते. विजेच्या एका मेगावॅटमागे उष्णतेचे साधारण तीन मेगावॅट तयार होत असतात आणि बंद केल्याच्या क्षणी त्यांतले सहा-सात टक्के तरी चालूच राहतात. २२० मेगावॅटच्या भट्टीत ही शेष उष्णता त्या क्षणी चाळीसहून अधिक मेगावॅट भरते. ती हळूहळू ओसरते, पण ओसरेपर्यंत ती कोणीतरी वाहून न्यावी लागते. नरोऱ्याला पंप बंद पडले होते. कर्मचारी विजेऱ्या घेऊन धुरातून जिने चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले, विखंडन पुन्हा सुरू होऊ नये म्हणून. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी बाष्पजनकांत पाणी भरले. आत गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असे आपोआप फिरत राहिले आणि उष्णता निघून गेली. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

आज लहान भट्ट्यांच्या बाजूने जो मुख्य युक्तिवाद केला जातो, तो हाच : भट्टी लहान असेल तर शेष उष्णता बेताची असते आणि ती पंपांवाचून, निसर्गनियमानेच निघून जाऊ शकते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला तीन भट्ट्या वितळल्यानंतर या युक्तिवादाला धार आली आणि तो चुकीचा नाही. नरोऱ्याने तो अठरा वर्षे आधी, नकळत, सिद्ध करून दाखवला होता. पण त्याच नरोऱ्याने हेही दाखवले की अपघात भट्टीच्या आकारातून येत नाही. तो टर्बाइनच्या पात्यातून येतो, केबली कुठून टाकल्या यातून येतो, कोणता इशारा कोणी मनावर घेतला नाही यातून येतो. आणि जिना चढून जाणारी माणसे तिथे होती. आजच्या नव्या रचनांत माणसे कमी लागतील हे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. ते वाचताना मला प्रत्येक वेळी तो जिना आठवतो.

या घराण्याचे खरे फळ दिसायला वेळ लागला. गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कैग्याची पहिली भट्टी मे २०१६ मध्ये सुरू झाली ती ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली; तेव्हाचा तो जागतिक उच्चांक होता. भट्टी जमली होती! आणि नेमक्या याच काळात आपण त्या मापाला रामराम ठोकला होता. तारापूरला २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या आल्या, काक्रापारला २०२३ आणि २०२४ मध्ये ७०० च्या. २०१७ मध्ये सरकारने ७०० च्या दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या. जैतापूरला तर प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा, म्हणजे ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरला. २०१० मध्ये त्याचे करार झाले, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला आणि त्यानंतरही ती भट्टी कागदावरून खाली उतरलेली नाही.

मोठ्या भट्टीचे हे रखडणे आपल्याकडचेच नव्हे. फ्रान्स, फिनलंड, अमेरिका इथेही मोठ्या भट्ट्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेल्या, वेळेतही आणि खर्चातही. एक भट्टी म्हणजे काही अब्ज डॉलर दहा-पंधरा वर्षे अडकणे. हा पैसा लावायला सरकारांखेरीज कोणी तयार होईना. इथे 'लहान'ला तिसरा अर्थ मिळाला. आता जागा कमी नाही आणि जाळेही अशक्त नाही. कमी पडला आहे तो भरवसा, आणि भरवशाच्या मागोमाग येणारा पैसा. थोडे भांडवल, थोडी वर्षे, थोडी जोखीम. मोठेपणाने जो किफायतीचा लाभ होत असे, तो आता संख्येने मिळवायचा : भट्टीचे भाग कारखान्यात, एकाच साच्याचे, पुष्कळ बनवायचे.

यात तर्क आहे. अडचण अशी की पुष्कळ बनवण्यासाठी पुष्कळ मागणी आधी यावी लागते, आणि पहिली भट्टी मात्र एकटीच बनते, म्हणून महाग पडते. अमेरिकेतल्या नूस्केल कंपनीची गोष्ट इथे बोलकी आहे. तिची ५० मेगावॅटची रचना जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी नियामकांनी प्रमाणित केली. लहान भट्टीला मिळालेले तिथले ते पहिले प्रमाणपत्र. युटातल्या नगरपालिकांच्या वीज संघटनेसाठी ७७ मेगावॅटच्या सहा भट्ट्या आयडाहोत बांधायच्या होत्या. त्याच महिन्यात विजेचा अंदाजित दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला. ग्राहक पुरेसे मिळेनात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. लहान शहरांच्या संघटनेला दर परवडला नाही, ही गोष्ट एल्क रिव्हरच्या शेजारी ठेवून पाहावी.

रशियाची तरंगती भट्टी चालते आहे हे खरे. 'अकादेमिक लोमोनोसोव्ह' या तराफ्यावरच्या ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या २०२० पासून आर्क्टिक किनाऱ्यावरच्या पेवेक गावाला वीज आणि उष्णता देत आहेत. तिची बांधणी २००७ मध्ये सुरू झाली होती. चीनच्या शिदाओ खाडीतल्या वायूने थंड होणाऱ्या जोडभट्टीने डिसेंबर २०२३ मध्ये व्यावसायिक काम सुरू केले. दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे अखेर सरकारच. कॅनडातल्या डार्लिंग्टनला ३०० मेगावॅटच्या चार भट्ट्यांना ओंटारिओ सरकारने मे २०२५ मध्ये मान्यता दिली. चारींचा अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर आहे. ती रचना जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या भट्टीच्या वंशातली, म्हणजे आपल्या तारापूरच्या भट्टीची दूरची नात! आजीच्या २१० मेगावॅटला लहान म्हणणे त्या काळी कंपनीला आवडले नसते. नातीच्या ३०० ला मात्र ती अभिमानाने लहान म्हणते.

आता पुन्हा आपल्याकडे. सध्या दोन वेगळ्या गोष्टी 'लहान' या एकाच नावाखाली बोलल्या जातात आणि त्यांची गल्लत होते. एक, 'भारत स्मॉल रिअॅक्टर', म्हणजे तीच जुनी २२० मेगावॅटची, नैसर्गिक युरेनियमची भट्टी, थोडी सुधारून. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट अशा उद्योगांनी जमीन, पाणी आणि भांडवल द्यावे, बांधकामावर देखरेख आणि चालवणे अणुऊर्जा महामंडळाने करावे, असे प्रस्ताव डिसेंबर २०२४ मध्ये मागवण्यात आले. दुसरी, 'भारत स्मॉल मॉड्युलर रिअॅक्टर', म्हणजे २०० मेगावॅटची नवी, साध्या पाण्याची, पोलादी भांड्यातली भट्टी. हिला किंचित समृद्ध युरेनियम लागते. म्हणजे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी जो धडा तीसेक वर्षे शिकवला, त्याच वर्गात आपण नवे नाव लावून पुन्हा बसत आहोत. समृद्ध इंधन कुठून, किती आणि कोणत्या अटींवर येणार, हा प्रश्न मोहिमेच्या जाहिरातीत शेवटी येतो. माझ्या मते तो आरंभी यायला हवा. पहिल्या प्रकारच्या भट्टीविषयी माझे मत बरेच अनुकूल आहे. चौदा वेळा केलेली गोष्ट पंधराव्यांदा करणे यात नाट्य नाही, पण तिथे हात बसलेला आहे. कारखान्यात साच्याने पुष्कळ भट्ट्या बनवण्याचे जे स्वप्न जग पाहते आहे, त्याच्या सर्वांत जवळ गेलेली गोष्ट म्हणजे ही चौदा भट्ट्यांची मालिकाच आहे. आणि तिलाही सत्तावीस वर्षे आणि न थकणारा एकच गिऱ्हाईक लागला.

तो एकच गिऱ्हाईक आता बदलतो आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा, दोन्ही रद्द झाले. खासगी कंपन्यांना परवाना घेऊन भट्टी बांधण्याची आणि चालवण्याची वाट मोकळी झाली. सदोष यंत्रामुळे अपघात झाला तर पुरवठादाराकडून वसुली करण्याची जी तरतूद २०१० च्या कायद्यात, भोपाळच्या आठवणीने, घातली गेली होती, ती नव्या कायद्यात उरली नाही. कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'शांती' असा शब्द होतो. अप्सरेपासून सुरू झालेली नावांची परंपरा अशी इथवर आली आहे.

लहान भट्टीचा आणखी एक गुण सांगितला जातो : ती गिऱ्हाइकाच्या जवळ ठेवता येते. जुन्या कोळसाकेंद्राच्या जागी, कारखान्याच्या आवारात, कमी जमिनीत. मोठ्या केंद्राभोवती निर्मनुष्य पट्टा ठेवावा लागतो. भट्टी लहान म्हणून तो पट्टाही लहान असावा, अशी मागणी जगभरच्या उत्पादकांची आहे. शेष उष्णतेचा हिशेब पाहता तिच्यात तथ्य आहे. पण 'जवळ' हा शब्द दोन टोकांनी वाचता येतो. भट्टी कारखान्याच्या जवळ येते तेव्हा ती वस्तीच्याही जवळ येते, आणि कारखान्याला विचारून जागा ठरते तशी वस्तीला विचारून ठरते का, याचे आपल्याकडचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे हलवण्यात आली. त्यांतले बरेच जण मच्छीमार आणि शेतकरी. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि भट्ट्या वीज देऊ लागल्यानंतरही पुष्कळ वर्षे चालत राहिला. भट्टी ५४० मेगावॅटची होती म्हणून गावे गेली आणि ५५ ची असती तर राहिली असती, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. कारण घर सोडणाऱ्याला मेगावॅट मोजून भरपाई मिळत नसते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. पन्नास वर्षे पाणी फिरवलेले नळ बदलायचे होते. नव्या लहान भट्ट्यांचे नमुने याच परिसरात, खात्याच्या ताब्यातल्या जागेवर उभे करायचे आहेत. त्यामुळे तारापूरला या वेळी नवी जमीन घ्यावी लागणार नाही असे सांगितले जाते. ते खरेच आहे. ती आधीच घेऊन झाली आहे.